कोलनपर्यंत टिकणारा आणि तिथे सुटणारा लेप: पहिली बॅच करणाऱ्यांसाठी

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज असते मोठ्या आतड्याच्या, म्हणजे कोलनच्या, अस्तराला. त्यावरचे मेसालामाइन किंवा ब्युडेसोनाइड हे औषध साध्या गोळीतून दिले, तर त्यातले बरेचसे वरच्या आतड्यातच शोषले जाते आणि जिथे हवे तिथे फार थोडे पोहोचते. म्हणून गोळीवर पॉलिमरचा लेप चढवतात. लेपाला दोन कामे करायची असतात: जठर आणि लहान आतडे पार होईपर्यंत टिकायचे आणि त्यापुढे विरघळायचे.

नवीन माणूस सगळी ताकद पहिल्या कामावर लावतो. आम्लात गोळी टिकली नाही की लेप जाड करतो, पुन्हा जाड करतो आणि अहवाल सुंदर दिसू लागतो. पण अशी गोळी रुग्णाच्या शौचातून जशीच्या तशी बाहेर पडू शकते. मेसालामाइनच्या लेपित गोळ्यांच्या बाबतीत हे नोंदले गेलेले आहे. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी करताना दोन्ही प्रश्न विचारा: हा लेप लवकर फुटेल का, आणि हा लेप सुटेल का?

१. आधी आतड्यातले पीएच पाहा

उपाशीपोटी जठरात पीएच साधारण १ ते ३ असतो. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तो ६.६ च्या आसपास जातो आणि शेवटच्या भागात, म्हणजे इलियमच्या टोकाला, ७.५ पर्यंत चढतो. इथपर्यंतचे सगळ्यांना पाठ असते. पुढचे मात्र अनेक जण विसरतात: मोठ्या आतड्याच्या पहिल्या पिशवीत, सीकममध्ये, पीएच पुन्हा ६.४ च्या आसपास उतरतो, कारण तिथले जिवाणू न पचलेले तंतू आंबवून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. डाव्या बाजूच्या कोलनमध्ये तो परत ७ कडे सरकतो.

याचा अर्थ असा की पीएच ७ ला विरघळणाऱ्या लेपाला खरी संधी इलियमच्या टोकालाच मिळते. तिथे लेप भिजून सैल व्हायला लागला नाही, तर पुढे पीएच कमी, मोकळे पाणीही कमी आणि ढवळणेही मंद. लहान आतड्यातला प्रवास बहुतेकांत ३ ते ४ तासांचा असतो, पोट भरलेले असो वा रिकामे. जठरातला मुक्काम मात्र जेवणावर अवलंबून असतो. मोठी गोळी जेवणानंतर कित्येक तास जठरातच पडून राहू शकते, तर २ मिलिमीटरपेक्षा लहान पेलेट, म्हणजे औषधाचे गोल दाणे, अन्नाबरोबर पुढे सरकतात. लेपाचा हिशेब करताना घड्याळ जठरातून बाहेर पडल्यावर सुरू करा.

दाह असलेल्या कोलनमध्ये पीएच निरोगी माणसापेक्षा खाली असू शकतो. निरोगी स्वयंसेवकांच्या आकड्यांवर बेतलेला लेप रुग्णात उशिरा सुटण्याचे हे एक कारण आहे.

२. पॉलिमर निवडा

मेथॅक्रिलिक आम्लाचे सहबहुवारिक (कोपॉलिमर) इथे सर्वाधिक वापरले जातात; युड्राजिट हे त्यांचे व्यापारी नाव. युड्राजिट एल १०० मध्ये मेथॅक्रिलिक आम्ल आणि मिथाइल मेथॅक्रिलेट यांचे प्रमाण १:१ आहे आणि तो पीएच ६ च्या वर विरघळतो. युड्राजिट एस १०० मध्ये हे प्रमाण १:२ आहे. आम्लगट कमी, म्हणून तो ७ च्या वर विरघळतो. युड्राजिट एफएस ३० डी हे ३० टक्के घनभाग असलेले पाण्यातले डिस्पर्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिमरचे सूक्ष्म कण, आहे. तोही ७ च्या वर विरघळतो आणि त्याची फिल्म (सुकलेला लेप) बरीच लवचीक असते.

कोलनसाठी फक्त एल १०० घेऊ नका, तो लहान आतड्याच्या मधल्या भागातच सुटतो. फक्त एस १०० घेतला तर काही रुग्णांत तो सुटतच नाही. एल आणि एस यांचे मिश्रण करून मधला टप्पा गाठता येतो. सुरुवात एल:एस १:२ ने करा, मग १:१ आणि १:३ करून पाहा.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. कोलनमध्ये प्रत्येक मिलिलिटरमागे १०^११ ते १०^१२ जिवाणू असतात. ते ग्वार गम, पेक्टिन, कायटोसान आणि अमायलोज तोडतात, वरच्या आतड्यातले विकर (एन्झाइम) मात्र यांतल्या बहुतेकांना तोडू शकत नाहीत. तत्त्व आकर्षक आहे, पण हे पदार्थ पाण्यात फुगतात किंवा विरघळतात. पेक्टिनची नुसती फिल्म लहान आतड्यातच वाहून जाते, म्हणून ती इथाइल सेल्युलोजमध्ये मिसळावी लागते. कायटोसान आम्लात विरघळतो, त्यामुळे त्याच्यावर आम्लरोधक थर हवाच. ग्वार गम फवारण्यापेक्षा दाबून बसवलेल्या आवरणासाठी जास्त सोयीचा. शिवाय रुग्ण अँटिबायोटिक घेत असेल तर जिवाणूंची ही किल्लीच ढिली पडते. सगळ्यात विचारपूर्वक वाटणारी रचना म्हणजे पीएच आणि जिवाणू या दोन्ही किल्ल्या एकाच फिल्ममध्ये: एस १०० मध्ये स्टार्चचे कण. पीएच चढला नाही तरी जिवाणू स्टार्च खाऊन फिल्मला भोके पाडतात.

पहिल्या बॅचसाठी मात्र एस १०० चे सेंद्रिय द्रावण किंवा एफएस ३० डी, या दोनांतूनच निवड करा. पुढचे आकडे त्यांचेच आहेत.

३. साहित्य आणि उपकरणे

• पॉलिमर: एस १०० पावडर किंवा एफएस ३० डी
• प्लास्टिसायझर (फिल्म लवचीक ठेवणारा): ट्रायइथाइल सायट्रेट
• चिकटपणा रोखण्यासाठी: बारीक टाल्क. एफएस ३० डी साठी ग्लिसरिल मोनोस्टिअरेट आणि पॉलिसॉर्बेट ८०
• द्रावक: आयसोप्रोपाइल अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, शुद्ध पाणी
• आतल्या थरासाठी: कमी विस्कॉसिटीचे (पातळ द्रावण देणारे) एचपीएमसी, म्हणजे हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज
• सच्छिद्र कोटिंग पॅन, १ ते १.२ मिलिमीटर नोझलची स्प्रे गन, पेरिस्टाल्टिक पंप
• प्रोपेलर स्टरर, होमोजिनायझर, ०.३ ते ०.५ मिलिमीटरची चाळणी
• पीएच मीटर, डिसॉल्युशन उपकरण (औषध किती वेगाने सुटते ते मोजणारे), ट्रे ड्रायर, अचूक तराजू

अ‍ॅसिटोनचा ज्वलनांक उणे २० अंश सेल्सिअस आहे आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा १२ अंश. साध्या खोलीच्या तापमानालाच दोन्हींची वाफ पेट घेऊ शकते. पॅन, गन आणि द्रावणाचे भांडे यांना अर्थिंग, ज्वालारोधक मोटर आणि वाफ बाहेर काढणारी हवा यांची सोय नसेल तर सेंद्रिय द्रावण फवारू नका. अशा ठिकाणी एफएस ३० डी घ्या. यात तडजोड नको.

४. गाभा: लेपाचे निम्मे दोष इथेच असतात

गाभा म्हणजे लेपाआधीची गोळी. ती दोन्ही बाजूंनी फुगीर हवी. सपाट गोळ्या एकमेकींना चिकटून जोड्या होतात, आणि धारदार कडांवर लेप पातळ राहून तिथूनच आम्ल शिरते. ठसा असेल तर उथळ ठेवा, खोल अक्षरांवर फिल्म पूल बांधते आणि सुकताना उचलली जाते. फ्रायबिलिटी, म्हणजे आपटून-घासून होणारी झीज, ०.५ टक्क्यांच्या आत आणा. औषधसंहितेची १ टक्क्याची मर्यादा साध्या गोळीसाठी ठीक आहे, पण इथे कडेचा एक टवका म्हणजे एक फुटकी गोळी.

गाभ्यात जोरदार फुगणारा डिसइंटिग्रंट (गोळी फोडणारा घटक) जास्त असेल तर लेपातून झिरपलेले थोडेसे पाणीही गाभा फुगवते आणि फिल्म आतून फाटते. आम्लचाचणीत दोन तासांनी गोळीच्या कमरेवर भेग दिसली, तर लेप जाड करण्याआधी गाभा तपासा.

औषध अल्कलीधर्मी असेल किंवा सोडियम क्षाराच्या रूपात असेल, तर आत शिरलेल्या ओलाव्यात ते विरघळून फिल्मच्या आतल्या बाजूचा पीएच वाढवते. मग पॉलिमर आतूनच विरघळतो. अशा गाभ्यावर आधी २ ते ३ टक्के वजनवाढीचा एचपीएमसीचा थर द्या. खरे तर पहिल्या बॅचला हा थर कुठल्याही औषधासाठी द्यावा, कारण तो भुकटी बांधून ठेवतो आणि वरच्या लेपाला एकसारखी पकड मिळते.

५. लेपाचा हिशेब चौरस सेंटिमीटरमध्ये करा

‘८ टक्के वजनवाढ’ असे वाचून तेवढीच वाढ आपल्या गोळीला देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. टक्केवारी गोळीच्या आकारावर अवलंबून असते. फिल्मची जाडी ठरते ती प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम कोरडे पॉलिमर बसले यावरून.

गोल गोळीचे क्षेत्रफळ स्थूलमानाने असे काढा: ३.१४ × (व्यास × जाडी + व्यासाच्या वर्गाचा अर्धा भाग). व्यास १० मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर आणि वजन ४०० मिलिग्रॅम धरा. क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे ३.१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिग्रॅम पॉलिमर हवे असेल तर प्रत्येक गोळीवर १८.८४ मिलिग्रॅम, म्हणजे ४.७ टक्के. पण फिल्ममध्ये प्लास्टिसायझर आणि टाल्कही आहेत. पॉलिमरच्या १० टक्के ट्रायइथाइल सायट्रेट आणि ५० टक्के टाल्क धरला तर एकूण घनभाग १.६ पट होतो: सुमारे ३०.१ मिलिग्रॅम, वजनवाढ ७.५ टक्के. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा. नुसते ‘वजनवाढ’ लिहिले की पुढच्या माणसाला ती पॉलिमरची की सगळ्या घनभागाची हे कळत नाही.

पेलेटचा हिशेब पाहिला की मुद्दा पक्का होतो. १ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ घनतेच्या पेलेटचे क्षेत्रफळ ग्रॅममागे ५० चौरस सेंटिमीटर येते. वरच्या गोळीचे येते जेमतेम ७.८५. पेलेटवर चौरस सेंटिमीटरला फक्त ४ मिलिग्रॅम दिले तरी पॉलिमरचीच वाढ २० टक्के होते.

६. द्रावण तयार करा

५ किलो गोळ्या म्हणजे १२,५०० नग. त्यांच्यासाठी पॉलिमर २३५.५ ग्रॅम, ट्रायइथाइल सायट्रेट २३.६ ग्रॅम, टाल्क ११७.८ ग्रॅम. मिळून ३७७ ग्रॅम घनभाग. घनभाग १० टक्के ठेवला तर ३.७७ किलो मिश्रण लागेल. फवाऱ्यातला काही भाग हवेबरोबर जातो, काही नळीत राहतो, म्हणून १० टक्के जास्त करून ४.१५ किलो बनवा. हा हिशेब दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिग्रॅमचा आहे; पुढे ८ मिलिग्रॅमचा टप्पाही घ्यायचा असेल तर सगळे एक-तृतीयांशाने वाढवा.

दर १०० ग्रॅम मिश्रणात: एस १०० ६.२५ ग्रॅम, ट्रायइथाइल सायट्रेट ०.६३, टाल्क ३.१२, आयसोप्रोपाइल अल्कोहोल ५१, अ‍ॅसिटोन ३४.५ आणि पाणी ४.५ ग्रॅम.

क्रम महत्त्वाचा. तिन्ही द्रावके एकत्र करा. त्यातला अर्धा भाग स्टररखाली ठेवून भोवऱ्यात पॉलिमर हळूहळू सोडा. एकदम ओतलात तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात आणि ते तासन्‌तास विरघळत नाहीत. ३० ते ६० मिनिटांत द्रावण स्वच्छ झाले पाहिजे. उरलेल्या द्रावकात ट्रायइथाइल सायट्रेट आणि टाल्क घालून १० मिनिटे होमोजिनायझर चालवा, मग हे पॉलिमरच्या द्रावणात साध्या स्टररखाली ओता आणि सगळे चाळून घ्या. फवारणी संपेपर्यंत स्टरर थांबवायचा नाही. टाल्क तळाला बसला की पहिल्या तासाची फिल्म आणि शेवटच्या तासाची फिल्म वेगळी होते, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात.

एफएस ३० डी घेतल्यास कृती निराळी. तितक्याच पॉलिमरसाठी ७८५ ग्रॅम डिस्पर्शन लागते. पॉलिमरच्या ५ टक्के ग्लिसरिल मोनोस्टिअरेट, म्हणजे ११.८ ग्रॅम, त्याच्या ४० टक्के पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे ४.७ ग्रॅम, आणि ट्रायइथाइल सायट्रेट ११.८ ग्रॅम. हे तिन्ही एकूण ५०६ ग्रॅम पाण्यापैकी काही पाण्यात घालून ७० ते ८० अंशांपर्यंत तापवा आणि होमोजिनाइज करा. उरलेले पाणी गार असतानाच घाला आणि मिश्रण खोलीच्या तापमानाला आल्यावर डिस्पर्शनमध्ये सावकाश मिसळा. घनभाग २० टक्के येतो. गरम मिश्रण ओतले किंवा डिस्पर्शनवर होमोजिनायझर चालवला तर लेटेक्सचे, म्हणजे पॉलिमरचे, कण गोठून दह्यासारख्या गुठळ्या होतात, आणि त्या परत मोडता येत नाहीत. गोठलेले डिस्पर्शन टाकून द्यावे. इथेही १० टक्के जास्तीचे बनवायला विसरू नका.

७. फवारणी

गोळ्या पॅनमध्ये १० ते १५ मिनिटे कोमट हवेत फिरवा, धूळ जाऊ द्या आणि मगच सुरुवातीचे वजन घ्या. हे चुकले तर गाभ्यातला ओलावा कोटिंगदरम्यान उडतो आणि खरी वजनवाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. मग तुम्ही नकळत जादा लेप चढवता.

गोळ्यांच्या थराचे तापमान सेंद्रिय द्रावणासाठी २५ ते ३० अंश, एफएस ३० डी साठी २६ ते ३० अंश ठेवा. आत येणाऱ्या हवेच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, थराचे तापमान मोजा. फवाऱ्याचा वेग सुरुवातीला कमी: सेंद्रिय द्रावणासाठी किलोमागे मिनिटाला ३ ते ४ ग्रॅम, पाण्याच्या डिस्पर्शनसाठी २ ग्रॅम. पहिला पातळ थर बसला की थोडा वाढवा. अ‍ॅटमायझिंग हवा (द्रावणाचे बारीक थेंब करणारी) १.५ ते २ बार, गन आणि थर यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर. मिनिटाला २० ग्रॅमच्या वेगाने वरचे ४.१५ किलो मिश्रण साडेतीन तास चालते. घाई करणाऱ्याला इथेच शिक्षा होते.

दर चौरस सेंटिमीटरला ४, ६ आणि ८ मिलिग्रॅम पॉलिमर झाल्यावर प्रत्येक टप्प्याला निदान ५० गोळ्या काढून ठेवा. एकाच बॅचमधून तीन जाड्या हातात येतात आणि पुढचा निम्मा अभ्यास त्यांच्यावरच होतो.

फवारणी संपल्यावर पॅन मंद फिरवत १५ ते ३० मिनिटे सुकवा, मग सेंद्रिय लेपाच्या गोळ्या ४० अंशांवर रात्रभर ट्रेमध्ये ठेवा. उरलेल्या द्रावकांबाबतच्या आयसीएच क्यू३सी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल तिसऱ्या वर्गात येतात. उरलेल्या द्रावकाची मर्यादा ५,००० पीपीएम. एफएस ३० डी च्या लेपाला ४० अंशांवर किमान २ तास क्युरिंग द्या, म्हणजे लेटेक्सचे कण एकमेकांत पुरते मिसळतात. क्युरिंगचा वेळ प्रत्येक बॅचला तोच ठेवा. आज २ तास आणि उद्या २४ तास दिलेत तर दोन बॅचची तुलना निरर्थक ठरते.

८. चाचणी: इथे स्वतःशी प्रामाणिक राहा

पहिला टप्पा, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात २ तास. औषधाची सुटका १० टक्क्यांच्या आत हवी, आणि गोळ्या बाहेर काढून डोळ्यांनी पाहा: फुगा, भेग, डाग. मेसालामाइनच्या विलंबित सुटकेच्या गोळ्यांसाठी यूएसपीची (अमेरिकेच्या औषधसंहितेची) पुढची पद्धत अशी: पीएच ६.० चा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) १ तास, मग पीएच ७.२ चा बफर ९० मिनिटे. विकासाच्या काळात यात पीएच ६.८ चा ३ तासांचा टप्पा जोडा. लहान आतड्यातला सगळा प्रवास लेपाने काढायचा आहे, आणि एस १०० ची पातळ फिल्म ६.८ लाही हळूहळू मऊ पडते.

पॉलिमरच्या उंबरठ्याजवळ ०.१ पीएचचा फरक निकाल फिरवतो. प्रत्येक चाचणीआधी मीटर दोन बफरवर कॅलिब्रेट करा आणि बफरचा पीएच ३७ अंशांवर मोजा, भांड्यात गोळी टाकण्याआधी आणि नंतरही. आम्लधर्मी औषध विरघळून बफरचा पीएच खाली ओढते.

फॉस्फेट बफर लेपाशी फार उदार वागतो. त्याची बफर क्षमता आतड्यातल्या द्रवापेक्षा जास्त असते, त्यामुळे पॉलिमरचे आम्लगट पटकन आयनित होतात. आतड्यात मुख्य बफर बायकार्बोनेट आहे आणि तो दुबळा आहे. फॉस्फेटमध्ये अर्ध्या तासात सुटणारा लेप बायकार्बोनेटमध्ये कितीतरी जास्त वेळ घेऊ शकतो. ४, ६ आणि ८ मिलिग्रॅमचे तिन्ही नमुने बायकार्बोनेटमध्येही तपासा. भांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडत राहावे लागते, नाहीतर तो उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. काम किचकट आहे, पण गोळी शौचातून अखंड बाहेर पडेल की नाही याचा अंदाज देणारी प्रयोगशाळेतली हीच सर्वांत जवळची चाचणी.

पॉलिसॅकराइडचा लेप असेल तर साधा बफर काहीच सांगत नाही. पीएच ६.८ च्या बफरमध्ये उंदराच्या सीकममधला ऐवज २ ते ४ टक्के मिसळून, ऑक्सिजन वगळून चाचणी करतात. नियंत्रण म्हणून ऐवजाशिवायचे भांडे सोबत ठेवा, नाहीतर पाण्याने झालेली सुटका जिवाणूंच्या नावावर जाते.

९. बिघाड आणि त्यांची कारणे

आम्लात सुटका जास्त, पण सगळ्या गोळ्यांत सारखी: लेप कमी आहे किंवा क्युरिंग अपुरे आहे. सहापैकी एक-दोनच गोळ्या नापास: लेप असमान आहे. पॅनचा वेग, गनची दिशा आणि कडा तपासा. लेप वाढवून हा दोष झाकला तर चांगल्या गोळ्या सुटायला उशीर होतो. पहिल्या बॅचला थोडे लाल आयर्न ऑक्साइड घातले तर असमानता नुसत्या डोळ्यांना दिसते.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा, खरखरीत: थेंब गोळीवर पसरण्याआधीच सुकत आहेत. हवा गार करा, गन जवळ घ्या किंवा वेग वाढवा. गोळ्या चिकटून जोड्या होत आहेत: नेमके उलटे, थर ओला राहतो आहे. अ‍ॅसिटोन इतक्या झपाट्याने उडते की एकाच तासात दोन्ही दोष दिसू शकतात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

नोझल वारंवार तुंबते: बहुतेक वेळा टाल्क जाडसर आहे किंवा गन बंद असताना तिच्या टोकावर पॉलिमर सुकले आहे. थांबताना गन द्रावकाने धुऊन घ्या.

फिल्मला केसासारख्या भेगा: प्लास्टिसायझर कमी पडले. ते १० वरून १५ टक्के करा. त्यापलीकडे एकदम जाऊ नका. ट्रायइथाइल सायट्रेट पाण्यात विरघळते, त्यामुळे आम्लात ते फिल्ममधून झिरपून जाते आणि मागे छिद्रे राहतात. डायब्युटाइल सेबॅकेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते टिकते.

आज पास झालेली बॅच तीन महिन्यांनी हळू सुटते: पाण्याच्या डिस्पर्शनमध्ये हे हमखास अपुऱ्या क्युरिंगमुळे होते. साठवणीत फिल्म आपली आपण घट्ट होत राहते. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर ठेवलेले नमुने दर महिन्याला आम्लातही तपासा आणि बायकार्बोनेटमध्येही. फक्त आम्लचाचणी केलीत तर फिल्म घट्ट होताना निकाल उलट सुधारताना दिसेल.